अलकापुरीतला बंगला विकायचा आहे; झाडं राहतील असा व्यवहार होऊ शकतो का?

शमा_बडोदेकर

अलकापुरीत आर. सी. दत्त रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या आजोबांचा बंगला आहे. सोसायटीचा प्लॉट, जुन्या मापानं सहाशे वारांच्या थोडा वर. तळमजला, वर दोन खोल्या, मागच्या टोकाला आउटहाउस. आई गेल्यापासून घर बंद आहे. मी पुण्यात असते, धाकटा भाऊ कॅनडात. दोघांपैकी कोणीच बडोद्याला परत राहायला येणार नाही, त्यामुळे विकायचं ठरलंय आणि त्यावर आमचं दुमत नाही.

अडचण पुढची आहे. कंपाउंडमध्ये एक जुनी रायण आहे, दोन कडुनिंब, फाटकाशी बकुळ, मागे आंबा. रायण आजोबांनी लावलेली नाही, प्लॉट घेतला तेव्हाच ती मोठी होती. उन्हाळ्यात ती पिवळ्या फळांनी भरते आणि धनेश येतात. एक फळ चोचीच्या टोकात धरायचं, मान मागे टाकून ते घशात सोडायचं, मग पुढचं. रस्त्यावर ऊन मी म्हणत असताना आमच्या ओटल्यावर पंख्याशिवाय बसता येतं. गल्लीत अशी आणखी काही घरं उरली आहेत, बाकीच्या जागी फ्लॅट झाले.

आतापर्यंत बघायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी घरात पाऊलही टाकलं नाही. फाटकातूनच रस्त्याची रुंदी विचारली, प्लॉटची दर्शनी बाजू किती ते टेपनं मोजलं आणि किती युनिट बसतील ते उभ्या उभ्या फोनवर सांगितलं. एका दलालानं मला धीर दिला, "झाडांची चिंता करू नका, ते सगळं आम्ही उरकून देऊ."

माझे प्रश्न असे: दस्तावेजात झाडं तोडू नयेत, मोठी इमारत बांधू नये अशी अट घालता येते का? घातली तर ती टिकते का? आणि राहण्यासाठी म्हणून बंगला घेणारी माणसं या भागात अजून मिळतात का? किंमत कमी घ्यायची माझी तयारी आहे.

पुलापलीकडचा

शमाताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. बानाखत (विक्रीचा करार) झाल्यावर विचारला असतात तर कोणाच्याच हातात काही उरलं नसतं.

आमचं घराणं बाबाजीपुऱ्यातलं. वाड्यात भिंतीला भिंत लागून, एका नळावर चार बिऱ्हाडं. वडिलांच्या पिढीतले कितीतरी मराठी लोक दांडियाबाजार, रावपुरा सोडून अकोट्याला, जुन्या पादरा रोडला, ज्यांना परवडलं ते अलकापुरीला गेले. ते मोकळ्या हवेसाठी आणि चार झाडांसाठी गेले. आता तीच घरं पाडून आपण पुन्हा भिंतीला भिंत लावतो आहोत, फक्त लिफ्टसकट.

राहायला घेणारे मिळतात, पण थोडे, आणि ते दलालाच्या पहिल्या यादीत नसतात. दलालाला दोन्हीकडून एक-एक टक्का मिळतो ही इथली रीत. बिल्डर निर्णय लवकर घेतो आणि उद्या तोच दलाल त्या फ्लॅटची विक्रीही करतो. त्याच्या दृष्टीनं कुटुंबाला बंगला विकणं म्हणजे एकदाचंच काम. त्यामुळे आधी गल्लीत विचारा. शेजाऱ्यांच्या मुली, भाचे, त्यांच्या ओळखीचे डॉक्टर. या भागातले चांगले व्यवहार बहुतेक असेच शब्दानं होतात.

सानिका_व्ही

मी ग्राहकाच्या बाजूनं लिहिते. आम्ही गेलं वर्षभर असाच जुना बंगला शोधतोय, अलकापुरी किंवा प्रतापगंज. आईवडील सोबत राहणार, त्यांना तळमजला हवा आणि मुलांना अंगण.

अडतं ते कर्जावर. बँकेचा माणूस येतो, जुन्या बांधकामाला जवळजवळ शून्य किंमत धरतो आणि सगळं मोल जमिनीचं लावतो. वर मंजूर नकाशा मागतो, रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी मागतो, बी.यू. म्हणजे इमारत वापरायचा दाखला मागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांत हे कागद कोणी जपलेले नसतात. वरच्या दोन खोल्या नंतर बांधल्या असतील तर त्यांची वेगळी परवानगी आहे का, हा प्रश्न येतोच. एका ठिकाणी आम्हाला घर मनापासून आवडलं होतं, किंमतही जुळत होती. वरच्या मजल्याचा कागद सापडेना म्हणून बँक मागे सरली आणि तीन आठवड्यांत ती जागा बिल्डरनं पूर्ण रक्कम देऊन घेतली.

ताई, राहणारा ग्राहक हवा असेल तर तुमची फाइल त्याच्या बँकेसाठी आधी तयार ठेवा. बिल्डरला यातलं काहीच लागत नाही, तो घर पाडणारच असतो. कागद नसले की घर आपोआप त्याच्याकडे जातं.

दुसरं, पाणी. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीनं 35 फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी 25 आहे. तेव्हापासून आमच्यासारखे सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात: पाणी कुठवर आलं होतं? अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) दर पावसाळ्यात भरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण आतल्या गल्लीत, तुमच्या ओटल्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, ते स्पष्ट सांगा. आलंच नसेल तर तेही सांगा. लपवलेलं शेजारी पहिल्याच चहाला सांगून टाकतात.

अ‍ॅड_रावपुरा

अटीबद्दल लिहितो. लांबेल, पण वाचा.

तुम्ही संपूर्ण प्लॉट विकलात आणि दस्तावेजात लिहिलंत की "घेणाऱ्यानं झाडं तोडू नयेत, इमारत बांधू नये", तर 1882 च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम 11 आडवं येतं. पूर्ण मालकी दिली की ती कशी उपभोगावी हे विकणारा सांगू शकत नाही. घेणारा त्या अटीकडे दुर्लक्ष करू शकतो, कायदा त्याच्या बाजूनं आहे. म्हणून "वकिलांना सांगून एक ओळ टाकून घेऊ" यावर विसंबू नका.

पण त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात एक दार उघडं आहे. विकणाऱ्यानं लगतची दुसरी जमीन स्वतःकडे ठेवली असेल आणि तिच्या उपभोगासाठी ही अट घातली असेल, तर ती अट तो अमलात आणू शकतो. आणि कलम 40 नुसार, अट माहीत असताना जो पुढे ती जागा घेतो त्यालाही ती लागू पडते. यामागचा जुना इंग्लिश खटला झाडांचाच आहे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग एका मालकानं विकली, भोवतालची घरं स्वतःकडे ठेवली आणि बागेवर बांधकाम करायचं नाही असं लिहून घेतलं. पुढे बाग हातोहात फिरली, नव्या मालकानं बांधायचं ठरवलं. 1848 साली कोर्टानं त्याला अडवलं, कारण विकत घेताना त्याला ती अट ठाऊक होती.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: मागचं आउटहाउस आणि त्याच्याभोवतीची जमीन तुमच्या नावावर राहिली आणि पुढचा भाग विकला, तर "मागच्या भागाला सावली, हवा, मोकळीक मिळावी म्हणून अमुक पट्ट्यात बांधकाम करायचं नाही" अशी नकारात्मक अट घालता येईल. "झाडांना पाणी घालावं" अशी करायला लावणारी अट पुढच्या मालकावर बसत नाही. "इथे बांधू नये" ही बसते. पट्टा नकाशावर मीटरमध्ये दाखवा, प्रत्येक झाडाची जागा खुणेनं दाखवा, आणि नकाशा दस्तावेजाला जोडून नोंदवा. नोंदवलेला कागद हीच पुढच्या माणसाला सूचना असते.

मात्र प्लॉटचे दोन भाग करायला कॉर्पोरेशनची मंजुरी लागेल, मागच्या भागाला स्वतंत्र वाट दाखवावी लागेल, आणि सोसायटीचा प्लॉट असल्यानं तिची संमती. पोटनियम मागवून वाचा. काही जुन्या सोसायट्यांत पोटविभागणीलाच मनाई असते. तसं असेल तर हा मार्ग बंद. पण तोच पोटनियम "एका प्लॉटवर एकच घर" असंही म्हणत असेल, तर तुमचं काम आपोआप झालं. आधी पोटनियम, मग बाकी सगळं.

नितीन_गोत्री

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, रागावू नका. निम्मे पैसे तुमच्या भावाचे आहेत. बिल्डर आणि राहणारा यांच्या किमतीत या भागात मोठा फरक असतो, कारण बिल्डर जमीन मोजत नाही, तिच्यावर काय उभं राहील ते मोजतो. शहरातल्या निवासी विभागात मूळ एफ.एस.आय. (प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं ते) 1.8 आणि पैसे भरून 2.7 पर्यंत जाता येतं, रस्त्याची रुंदी आणि उंचीचे नियम सांभाळून. सहाशे वार म्हणजे 5400 चौरस फूट. त्यावर तो गुणाकार करतो. राहणाऱ्याला एकाच घराचे पैसे द्यायचे आहेत. कॅनडात घर चालवणाऱ्या माणसाला "रायणीसाठी इतके सोड" म्हणताना आकडा समोर ठेवा, मोघम बोलू नका.

मीही जुन्या बडोद्यातलाच आहे. झाडं गेलेली मलाही बघवत नाहीत. पण त्याचा भार एकट्या विकणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना सावली मिळते, त्यांनीही काही करायला हवं.

शमा_बडोदेकर

नितीनजी, रागवायचं कारण नाही, हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. काल रात्री भावाशी बोलले, दोन्ही आकडे समोर ठेवूनच. तो म्हणाला, त्याच्या हिश्शातला ठरावीक भाग सोडायला तो तयार आहे, त्यापलीकडे नाही. आकडा इथे लिहीत नाही, पण माझ्या अपेक्षेपेक्षा त्यानं जास्त सोडला. उरलेलं मी माझ्या हिश्शातून भरेन. म्हणजे आता मला माहीत आहे की मी कुठवर खाली येऊ शकते.

वकीलसाहेब, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पोटनियमांची प्रत मागितली आहे. सानिका, ओटल्याला चार पायऱ्या आहेत. 2024 ला पाणी रस्त्यावर होतं, पहिल्या पायरीला लागलं, आत आलं नाही. 2019 च्या 31 जुलैला जेव्हा एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला, तेव्हा दुसरी पायरी बुडाली होती. शेजारच्या काकांनी दोन्ही वेळी फाटकाच्या खांबावर खडूनं खूण केली होती, नंतर तिथे रंगाची रेघ मारली. ती दाखवता येईल.

वनस्पती_फत्तेगंज

रायणीबद्दल. शक्यतो मुळाशी काहीही होऊ देऊ नका, अगदी घर राहायलाच घेतलं तरी. राहायला येणारी माणसंही पहिल्या सहा महिन्यांत कंपाउंडमध्ये फरशी घालतात, गाडीसाठी. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आले की झाड लगेच मरत नाही, काही वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं, आणि मग "झाड म्हातारं झालं" म्हणून तोडायची परवानगी मागितली जाते. रायण फार हळू वाढते. चिकूची कलमं बांधायला तिचा खुंट वापरतात, म्हणून रोपवाटिकांत ती दिसते, पण मोठं झाड करायला कोणी थांबत नाही. तुमच्याकडे आहे तसं पुन्हा मिळायला दोन पिढ्या जातील.

वकीलसाहेबांच्या "अमुक पट्ट्यात बांधकाम नाही" या अटीत "पक्की फरशी, काँक्रीट, भूमिगत टाकी आणि बोअर नाही" हेही घाला. पट्टा किमान फांद्यांच्या विस्ताराइतका, म्हणजे भर दुपारी सावली जिथवर पडते तिथवर. बांधकाम झालं नाही आणि तिथेच खाली पाण्याची टाकी खोदली, तर काय उपयोग?

झाडं तोडायला कॉर्पोरेशनच्या पार्क्स अँड गार्डन्स विभागाची परवानगी लागते, पण बांधकामाचा नकाशा मंजूर झाला की ती अडत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे तिच्यावर एकटीवर अवलंबून राहू नये.

विकण्याआधी झाडांची नोंद करून ठेवा: प्रत्येकाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा, फोटो, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर. बकुळीची सुद्धा. बकुळ लहान वाटते म्हणून तिला कोणी धरत नाही आणि फाटक रुंद करताना पहिली तीच जाते.

कडुनिंब भिंतीपासून किती लांब आहेत? जवळ असतील तर ड्रेनेजच्या जुन्या पाइपमध्ये मुळं गेली असण्याची शक्यता आहे. विकण्याआधी ते तपासून दुरुस्त करून घ्या. नाहीतर नवीन मालक तुंबलेल्या गटाराचं कारण झाडात शोधेल.

सीए_काकू

शमा, कराचं थोडक्यात, कारण तुझं आणि भावाचं गणित वेगवेगळं निघेल.

घर वारशानं आलंय, त्यामुळे आजोबांनी घेतल्यापासूनचा काळ धरला जातो. खर्चाच्या जागी 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत घेता येते, पण तेव्हाच्या सरकारी दरापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तो दाखला आत्ताच काढ. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला 12.5 टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता. तू इथली रहिवासी असल्यानं आणि जागा त्या तारखेपूर्वीची असल्यानं निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी काढलेला कर कमी येत असेल तर तो पर्याय तुला आहे. भाऊ अनिवासी, त्याला तो पर्याय नाही.

मोठा फरक टी.डी.एस.चा. तुझ्या हिश्शावर घेणारा एक टक्का कापेल. भावाच्या हिश्शावर मात्र अनिवासी म्हणून जास्त दरानं, आणि आधी अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेतला नाही तर नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापतील. परतावा मिळतो, पण पैसा महिनोन् महिने अडकतो. राहायला घेणारं कुटुंब या कटकटीला घाबरतं आणि मागे फिरतं, म्हणून तो दाखला ग्राहक शोधतानाच मागायला लागा.

रोख एक रुपयासुद्धा घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसतो. कमी किमतीत विकायची तुझी तयारी आहे ना, तर किंमत जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दराच्या, खाली जात नाही एवढं बघ. 15 एप्रिल 2023 पासून जमिनीचे जंत्रीचे दर दुप्पट झाले आहेत. जुना आकडा डोक्यात धरून चालू नकोस.

घेणाऱ्याचा खर्चही त्याला सांग: मुद्रांक 4.9 टक्के, नोंदणी फी 1 टक्का, आणि फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर ती फी माफ. सोसायटीची हस्तांतर फी आता अर्धा टक्का किंवा एक लाख, यातलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. कोणी "डेव्हलपमेंट फंड" म्हणून जास्त मागितलं तर लेखी मागा म्हणावं.

पुलापलीकडचा

नितीन, गल्लीनंही काही करावं हे तुमचं म्हणणं मला पटलं. आमच्या अकोट्याच्या सोसायटीत मी पुढच्या सभेत ठराव मांडणार आहे की प्लॉटच्या मागच्या हद्दीलगतचा पट्टा सगळ्यांनी मोकळा ठेवावा. पोटनियमातच बदल करून, निबंधकाकडे नोंदवून. एकट्यानं दस्तावेजात अट घालण्यापेक्षा ते पक्कं. विरोध होईल, कारण ज्यांना पुढेमागे बिल्डरला द्यायचंय त्यांची किंमत पडते. तरी मांडणार.

शमा_बडोदेकर

पोटनियम मिळाले. टाइप केलेली जुनी प्रत, पानं पिवळी पडलेली. पोटविभागणीला मनाई नाही, कमिटीची लेखी संमती हवी एवढंच आहे. एका प्लॉटवर एकच घर असं मात्र कुठेच नाही. म्हणजे आउटहाउसचा मार्ग उघडा आहे.

आणि आणखी एक. गल्लीत विचारा म्हणालात म्हणून विचारलं. मागच्या हद्दीला लागून ज्यांचा बंगला आहे, त्यांच्या मुलीला दवाखान्याच्या जवळ घर हवंय. ती आणि तिचा नवरा रविवारी येऊन गेले. त्यांनी आतून सगळं घर पाहिलं, कपाटांची दारं उघडून वाळवी पाहिली, गच्चीवर गेले. किमतीत अजून अंतर आहे, पण भावानं आणि मी ठरवलेल्या हद्दीत आहे. झाडांच्या पट्ट्याचं विचारल्यावर ती म्हणाली, लिहून द्यायला हरकत नाही, फक्त एका गाडीपुरती पक्की जागा फाटकाशी हवी, बकुळीच्या पलीकडून.

वकीलसाहेब, मागची हद्द त्यांच्याच वडिलांची असेल तर आउटहाउस मी ठेवण्याऐवजी त्यांनी घेतलं तर चालेल का? मला पुण्याहून ते सांभाळणं जड जाईल.

अ‍ॅड_रावपुरा

नाही चालणार, निदान तुम्हाला हव्या त्या अर्थानं नाही. अट अमलात आणायचा हक्क ज्याच्याकडे लगतची राखलेली जमीन आहे त्याचा. सगळं त्यांनाच दिलंत तर अट घालणारं कोणी उरत नाही. मुलगी चांगली असेल, आहेच, पण वीस वर्षांनी ती विकेल तेव्हा काय?

मधला मार्ग आहे. आउटहाउसचा भाग तुमच्या नावावर ठेवा आणि तिला भाडेकरारानं वापरायला द्या. देखभाल ती करेल, मालकी तुमची. पुढे तुम्हाला तो भाग विकायचा झाला तर पट्ट्याच्या अटीचा फायदा त्या जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाईल, असं दोन्ही दस्तावेजांत स्पष्ट लिहू. असा माणूस तेव्हा निवडा, आज नाही.

आता क्रम. पहिलं, सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असेल तर आधी पेढीनामा (वंशावळ) आणि वारस नोंद. आत्या आहे का? असेल तर तिचा किंवा तिच्या मुलांचा हक्क कमी केल्याचा (हक्कसोडीचा) नोंदवलेला दस्तावेज आत्ताच करा. 2005 पासून मुलींचा हक्क वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा आहे, आणि आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर आधीपासूनच ती वारस होती. दुसरं, कार्डावरचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, ते जागेवर मोजून कुंपणाशी जुळवा. जुन्या प्लॉटांत फूटभर इकडेतिकडे असतंच आणि पोटविभागणीत तेच अडतं. तिसरं, तुमचा सर्व्हे नंबर अशांत धाऱ्याच्या (दंगलग्रस्त भागातल्या विक्रीवर निर्बंध घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याच्या) अधिसूचनेत येतो का ते कलेक्टर कचेरीत बघा. यादी वेळोवेळी वाढते. येत असेल तर दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी, नंतर नाही. चौथं, भावाचं मुखत्यारपत्र. कॅनडा 2024 च्या जानेवारीपासून अपॉस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करारात आहे, त्यामुळे तिथूनच अपॉस्टिल करून पाठवू दे. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लावून घ्या.

हे चारही झाल्यावर पोटविभागणीचा अर्ज, आणि ती मंजूर झाल्यावरच बानाखत. मुलगी घाई करत असेल तर तिला टोकनची पावती द्या, त्यात पट्ट्याचा नकाशा जोडा आणि तिच्या सह्या प्रत्येक पानावर घ्या. फाटकाशी गाडीची जागा कुठवर, तीही त्याच नकाशात मीटरमध्ये दाखवा.

वनस्पती_फत्तेगंज

शमाताई, पट्ट्याचा नकाशा काढायच्या दिवशी कळवा. टेप आणि खुंट्या घेऊन मी येतो. भर दुपारची वेळ ठेवा, सावली तेव्हाच मोजता येईल.